टेकडीचा पत्ता

पत्रक लिहायला मी कॉलेजच्या पहिल्याच वर्षी शिकले. पहिल्या ओळीत जागा. दुसऱ्या ओळीत तिथे काय चाललंय. तिसऱ्या ओळीत जबाबदार कोण, आणि तेही नीट. ‘संबंधित यंत्रणा’, ‘काही घटक’ असलं मुळमुळीत काही नाही. जबलपुरात ओमतीच्या चौकात उभं राहून पत्रकं वाटली की कळतं, माणूस पहिली ओळ वाचतो आणि मग कागदाची घडी करतो. म्हणून जागेचं नाव ठळक. ग्वारीघाटाजवळ नर्मदेत सुटणाऱ्या नाल्यावर, रस्ता रुंद करायला पाडलेल्या कडुनिंबांवर मी अशी कितीतरी पत्रकं लिहिली. जागा लपवतात ते चोर, असं माझं साधं मत होतं.

आज ज्या टेकडीबद्दल लिहिते आहे तिचं नाव देणार नाही. माझं तेव्हाचं पत्रक ज्यांच्या हाती पडलं त्यांना ते ठाऊक आहेच. बाकीच्यांनी एवढंच धरून चालावं की जबलपूरपासून बसने तासाभरावर, वनखात्याच्या ताब्यातली, मुरुमाची आणि माथ्यावर सपाट अशी एक टेकडी आहे. खात्याच्या कागदावर ती ‘बिगड़ा वन’. म्हणजे झाडं नाहीत, म्हणून बिघडलेली. गवत, दगडांच्या फटी, त्या फटींतून वर येणाऱ्या वेली, यांना त्या कागदात रकाना नाही.

बी.एस्सी. झाल्यावर एका संस्थेत मला पावसाळ्यापुरती इंटर्नशिप मिळाली. सरकारी जमिनीवरच्या दुर्मीळ वनस्पती आणि त्यांचं परागीभवन करणारे कीटक, हा विषय. घरी सांगितलं तेव्हा आईने विचारलं, की नेमकं करणार काय? मी म्हटलं, एक फूल आहे, त्यात बारक्या माश्या जातात, त्या मोजायच्या. बाबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, “लोक माश्या मारत बसतात, ही मोजत बसणार.”

ते फूल बोटभर लांबीचं. खाली फुगीर, मध्ये नळी, आणि वर पाकळ्यांची टोकं एकमेकांना चिकटून झालेला पिंजरा. लांबून बघावं तर हिरवट कंदील टांगल्यासारखा. महाराष्ट्रात याच्या जातभाईंना कंदीलपुष्प म्हणतात. तिळाएवढी माशी वासाने येते, पिंजऱ्यातून घसरून नळीत पडते. नळीच्या आत केस असतात, सगळे खाली तोंड केलेले, त्यामुळे परत चढता येत नाही. एक दिवस ती आत कोंडलेली. मग केस सुकतात, फूल मान टाकतं आणि माशी पराग घेऊन सुटते. सुटली की तिने पुन्हा दुसऱ्या वेलीच्या फुलात पडायला हवं. पडली तर शेंग धरते. जवळपास दुसरी वेल नसेल तर माशीची कैद आणि फुलाची मेहनत दोन्ही वाया. म्हणून या वेलींना एकमेकींच्या सोबतीने असावं लागतं. एकटीदुकटी उरली की ती जिवंत दिसते, पण तिच्यामागे कोणी येत नाही.

त्या टेकडीवर अशा चाळीसेक वेली होत्या. ऑक्टोबरात त्यांच्यावर शेंगा धराव्यात आणि बी उडावं, एवढ्यासाठी आम्ही सगळे खपत होतो.

आमच्या मॅडम वनस्पतिशास्त्राच्या, निवृत्तीला आलेल्या, गुडघ्यापर्यंत बूट घालून तरुणांच्या पुढे चढणाऱ्या. त्यांचा पहिला नियम होता की वहीत टेकडीचं नाव लिहायचं नाही, ‘जागा चार’ लिहायचं. फोटो काढताना फोनमधलं ठिकाण बंद ठेवायचं. बसमध्ये कोणी विचारलं तर ‘गवताचा अभ्यास’ म्हणायचं. मला हे भयंकर वाटलं. मी त्यांना तोंडावर म्हटलं, की सरकारी जमीन म्हणजे लोकांची जमीन, तिच्यावर काय आहे ते लोकांपासून लपवणारे आपण कोण? त्यांनी एवढंच विचारलं की या फुलासाठी आजवर तू किती लोकांना भेटलीस. मी म्हटलं, अजून कोणालाच नाही. “मग आधी माश्या मोज,” त्या म्हणाल्या.

वेली दाखवल्या कक्कांनी. इकडे वडीलधाऱ्या माणसाला कक्का म्हणतात. हे कक्का खालच्या गावातले गोंड, वनखात्याचे रोजंदारीवरचे चौकीदार, साठीच्या अलीकडचे. बोलायचे नाहीत, काठीचं टोक एका दगडाशी टेकवून उभे राहायचे, आणि आपण वाकून बघावं तर तिथे वेल. लहानपणी आषाढ-श्रावणात घरातलं धान्य संपलं की ते लोक हिचा कंद खणून खायचे. मोठा घ्यायचा, लहान सोडायचा आणि माती टाचेने परत दाबायची. एकाच बैठकीत नव्हे, बोलता बोलता कित्येक सकाळी मिळून त्यांनी हे मला सांगितलं आणि मी ते वहीत उतरवून घेतलं.

प्रत्येक वेलीपाशी मी तारेला टिनाचा बिल्ला अडकवला, त्यावर नंबर ठोकला. कक्कांना ते आवडलं नाही. चमकतात म्हणाले. मी म्हटलं, नंबर नसला तर मोजायचं कसं? सकाळी सात ते अकरा मी पोत्यावर बसायची. दहा मिनिटं फुलाकडे बघायचं, पाच मिनिटं लिहायचं, पुन्हा दहा मिनिटं. मान दुखायची. ढगाळ दिवशी एकही माशी यायची नाही आणि मला तिचा राग यायचा. मोर्चात एवढं गप्प मी कधी बसले नव्हते.

ऑगस्टच्या मध्यावर एका सकाळी वर पोचले तर सपाटीवर चुन्याचे ठिपके, ओळीत, सारख्या अंतरावर. रोपणाचे खड्डे पडणार होते. सागवान आणि करंज लावायचे, पाहुणे येणार, फोटो निघणार. जेसीबी पायथ्याशी येऊन उभा होता. ठिपक्यांच्या ओळी आमच्या बिल्ल्यांच्या मधोमध गेल्या होत्या.

रेंज ऑफिसात गेले. रेंजर साहेब वाईट माणूस नव्हता. त्याने खुर्ची दिली, चहा दिला आणि मनापासून सांगितलं, की जमीन ‘खाली पड़ी है’, झाडं लावणं तर चांगलंच काम आहे, तुम्ही लोक झाडांच्या विरोधात कधीपासून झालात? मी टेकडीवरच्या वेली सांगितल्या. तो म्हणाला, लिहून द्या. मॅडमनी लिहून दिलं. पत्राला आवक क्रमांक मिळाला. साहेबांच्या वरचे साहेब दौऱ्यावर होते. मॅडम म्हणाल्या, मी जिल्ह्याच्या ऑफिसात ओळखते, चार-आठ दिवस दे. मी पायथ्याशी उभा असलेला जेसीबी बघून आले होते. मला चार-आठ दिवस म्हणजे एक चेष्टा वाटली.

त्याच संध्याकाळी मी पत्रक लिहिलं. पहिल्या ओळीत टेकडीचं नाव, ठळक. खाली फुलाचा मोठा फोटो. बसचा थांबा, फाट्यावरून डावीकडे, देवळामागून वर जाणारी पायवाट. ‘आपकी जमीन, आपका फूल, खुद जाकर देखिए.’ शेवटी जबाब मागणारी ओळ. पत्रकं काढणाऱ्या आमच्या ग्रुपमधल्या मुलामुलींनी रात्रीतून फोनवर पसरवलं, सकाळी ओमतीला आणि दुपारी ग्वारीघाटाला कागद वाटले. मॅडमना विचारलं नाही. नाही म्हणतील हे माहीत होतं म्हणून विचारलं नाही. विचारायचं विसरले असं मी कुणाला सांगितलं नाही आणि इथेही सांगत नाही.

बाबांनी जेवताना पत्रक वाचलं. ते संरक्षण खात्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. तीस-बत्तीस वर्षं तिथे त्यांनी काय बनवलं हे मला आजही माहीत नाही. लहानपणी विचारलं की ‘लोखंड’ म्हणायचे. आमच्या महाराजपूर वस्तीतल्या अर्ध्या घरांत अशीच उत्तरं मिळायची आणि मला त्याची चीड होती.

“काहून एवढा पत्ता देऊन राहिली?” बाबा म्हणाले. “पाहुणे बोलावले काय?”

मी म्हटलं, “बाबा, तुम्ही जन्मभर लपवलं. मी नाही लपवणार.”

त्यांनी कागद दुमडून ताटाच्या बाजूला ठेवला आणि भाकरी मोडली.

पत्रकाचा परिणाम झाला. हे खरं आहे आणि ते मी इथे लिहून ठेवते, कारण नंतर काही लोक म्हणाले की अशा कागदांनी काही होत नसतं. तिसऱ्या दिवशी जेसीबी गेला. चुन्याचे ठिपके कोणीतरी पायाने पुसले. पाहुण्यांचा कार्यक्रम दुसऱ्या जागी हलवला. मॅडमनी फोनवर फक्त ‘पाहिलं’ म्हटलं आणि ठेवला. आमच्या ग्रुपवर अभिनंदनांचा पाऊस पडला आणि मी तो अंगभर घेतला.

मग मला ताप आला. नऊ दिवस अंथरुणात. पाचव्या दिवशी पडल्या पडल्या फोनवर एक व्हिडिओ दिसला. एक तरुण माझ्या बिल्ल्याशेजारी उकिडवा बसून कंदिलाकडे बोट करत सांगत होता, की ही ताकदीची जडी, हिचा कंद जुने लोक खायचे, आता दुर्मीळ झाली. खाली कोणीतरी विचारलं होतं, लोकेशन भेजो भैया. आणि त्याच्या खाली कोणीतरी माझ्या पत्रकाचा फोटो टाकला होता. पुन्हा कोणीतरी विचारलं, पुन्हा कोणीतरी तोच टाकला.

मी मॅडमना फोन लावला. त्या गावाबाहेर होत्या. कक्कांचा फोन टेकडीवर लागत नसे.

दहाव्या दिवशी आईच्या नाही-नको म्हणण्याला न जुमानता मी गेले. देवळामागची पायवाट रुंद झाली होती. वर चिप्सची पाकिटं होती. आणि बिल्ले जागेवर होते. प्रत्येक बिल्ल्याशी एक खड्डा. सब्बलीने, म्हणजे पहारीने घेतलेला, हातभर खोल, व्यवस्थित. ज्याला कंद कुठे असतो ते माहीत नाही त्याला चार ठिकाणी उकरावं लागतं. इथे तशी उकरलेली माती कुठे नव्हती. मी नंबर देऊन ठेवले होते. एक, दोन, तीन असं बघत मी शेवटच्या बिल्ल्यापर्यंत गेले. वेली ओढून बाजूला टाकलेल्या, काहींवर फुलं अजून होती, वाळून कागद झालेली. एका वेलीवर दोन शेंगा धरू लागल्या होत्या. हिरव्या, दोऱ्याएवढ्या.

कक्का सावलीत बसले होते. मी शेजारी बसले. कोण आले होते, विचारलं. दोन खेपांत आले, म्हणाले, पाच-सहा जण. कक्कांनी अडवलं, शिट्टी वाजवली. तर त्यांनी एक कागद दाखवला. कक्कांनी सदऱ्याच्या खिशातून तो काढला. घडीवर फाटलेला, मातीच्या बोटांचे डाग पडलेला.

“बोले, छपा है, सरकारी है. खुद जाके देखो, लिक्खा है.”

कागदाच्या खाली आमच्या ग्रुपचं नाव होतं, माझं नव्हतं. मी गप्प बसले असते तर ते कळलं नसतं.

“कक्का, ये मैंने लिखा है.”

त्यांनी कागदाकडे पाहिलं, मग पायवाटेकडे. “रस्ता तो एकदम सही लिक्खी हो,” ते म्हणाले.

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला उत्तर देता आलं असतं.

मी विचारलं, की काही उरलंय का. ते म्हणाले, “जित्ते तुमको दिखाए, वे सब गए.” मी मान हलवली आणि खाली आले. बसमध्ये अर्ध्या वाटेवर ते वाक्य माझ्या डोक्यात पुन्हा उघडलं. ‘सगळे गेले’ असं ते म्हणालेच नव्हते. जितके तुला दाखवले, तितके.

दुसऱ्या सकाळी पुन्हा वर. सरळ विचारलं, की मला न दाखवलेल्या वेली आहेत का.

“सब थोड़ी दिखात हैं, बिटिया,” कक्का म्हणाले. “कंद की जगा सगी बहन को पूरी नहीं दिखात.”

हा त्यांच्याकडचा रिवाज होता. भुकेच्या दिवसांत जो तो आपल्या जागा दाखवायचा, पण एखादी स्वतःजवळ ठेवायचा, कारण सगळ्यांनी सगळं पाहिलं की पुढच्या साली काही नाही. मी वहीत टाचेने माती दाबण्याची गोष्ट लिहून घेतली होती; ही कोणी सांगितली नव्हती आणि मला विचारायला सुचली नव्हती.

मी म्हटलं, मला दाखवा. त्यांनी चपलेतला खडा काढला. मी म्हटलं, शेंगा धरतात की नाही ते बघायला हवं, नोंद हवी, नोंद नसेल तर उद्या कोणी पुन्हा खड्डे खणेल. मग माझा आवाज चढला. मी म्हटलं, ही जमीन सरकारी आहे, तुमच्या घरची नाही, तुम्ही कोण ठरवणारे. समोर बिल्ल्याशेजारी खड्डा होता आणि मी हे बोलत होते.

“गिनोगी,” ते म्हणाले. “फिर लिखोगी.”

आणि काठी उचलून चालू लागले. माझ्या मनात आलं की मागोमाग जावं. एक पाऊल टाकलंही. मग मी पोत्यावर बसले, पाठ फिरवून, रस्त्याकडे तोंड करून, आणि त्यांच्या चपलांचा आवाज येईनासा होईपर्यंत तशीच राहिले. ते कुठल्या बाजूला गेले ते मला ठाऊक नाही. वेली बघायला गेले की घरी गेले, तेही नाही.

मॅडमना सगळं सांगितलं. पत्रक माझं, ते विचारलं का नाही, बिल्ले, खड्डे. त्या रागावल्या नाहीत. वही मागितली, चाळली आणि म्हणाल्या, ताप यायच्या आधीपर्यंतच्या नोंदी चांगल्या आहेत, वापरता येतील. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. कक्कांचं वाक्य मात्र मी त्यांना सांगितलं नाही. विचारायचा हक्क असलेल्या माणसापासून मी लपवलेली ती पहिली गोष्ट.

ऑक्टोबरात रेंज ऑफिसातून बोलावणं आलं. रेंजर साहेब खुशीत होता. पत्रकामुळे वरून विचारणा झाली होती, आता टेकडीवर बोर्ड लावायचा होता, फुलाचा फोटो, नाव, सडकेपासून बाण. बोर्ड रंगवूनही आला होता. भिंतीला टेकवून ठेवलेला, मोठा, पिवळा. खोलीत तो, त्याचा बाबू, मॅडम आणि मी. दाराशी कक्का उभे, बोर्ड उचलायला बोलावलेले.

मॅडमना बोर्ड नको होता, पण कुंपण हवं होतं. त्या म्हणाल्या, एखादी वेल जरी उरली असेल तर कुंपण मागता येईल, आणि कुंपणासोबत बोर्ड आला तरी चालेल. मग माझ्याकडे वळल्या. तिथे रोज बसणारी मीच होते. उरली आहे का एखादी?

रेंजर म्हणाला, शंका असेल तर दहा माणसं लावतो, पूर्ण टेकडी धुंडाळू, एका दिवसात सापडतील.

एका दिवसात सापडल्या असत्या. दहा माणसांनी पाहिल्या असत्या, आणि फोटो निघाले असते. सापडल्या नसत्या तर निदान नोंद खरी झाली असती. ‘कदाचित’ एवढाच शब्द माझ्याकडे खरा होता. तो उच्चारला की शोध सुरू. मी दाराकडे पाहिलं नाही.

“साहब, वहाँ कुछ नहीं बचा,” मी म्हटलं. “जितने गिने थे, सब खोद के ले गए. मेरे पर्चे से ले गए.”

बाबूने लिहिणं थांबवलं. रेंजर जरा ओशाळला. मला ‘ऐसा मत कहिए’ म्हणाला. मग बोर्डाकडे बघून विचारलं, तो फिर ये? मी म्हटलं, कशाचा लावणार, खड्ड्यांचा? मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना काय समजलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. त्या रेंजरला म्हणाल्या, कंदाचा तुटका तुकडासुद्धा कधी कधी फुटतो, तेव्हा सपाटीवर दोन पावसाळे कोणी कुदळ लावू नये, बाण नको, बोर्ड नको, नुसती सोडून द्या. त्याने ‘देखेंगे’ म्हटलं आणि बाबूला लिहायला लावलं. आजवर तिथे खड्डे पडलेले नाहीत. पुढचं माहीत नाही.

माझ्या अहवालात ‘उर्वरित वेली’ या रकान्यात शून्य आहे. ते माझ्या हस्ताक्षरात आहे. उद्या कोणी त्या शून्याच्या आधारावर म्हणेल, की इथे काहीच नाही तर खाणीला द्या, घरकुलांना द्या, आणि तेव्हा ते शून्य मलाच खोडावं लागेल, कशाच्या जोरावर ते मला ठाऊक नसताना. हा विचार मला येतो. पत्रकं लिहिणाऱ्या माझ्या सोबत्यांना मी हे सांगितलं तेव्हा एकाने सरळ म्हटलं, म्हणजे तू खोटं लिहिलंस. हो. मी त्याच्याशी वाद घातला नाही.

यंदाच्या भाद्रपदात कक्का अमावस्येच्या स्नानाला ग्वारीघाटाला आले होते. तपासणीसाठी नाल्याच्या पाण्याच्या बाटल्या भरायला मीही तिथे होते. नारळ-फुलांच्या दुकानाशेजारी चहावाल्याकडे बसलो. त्यांनी पाऊस कमी झाला म्हणून सांगितलं, घरावरचे कवेलू माकडांनी फोडले ते सांगितलं. फुलायचा महिना होता. माझ्या तोंडाशी वेलींचा तो एकच प्रश्न येऊन थांबलेला, आणि त्यांनाही तो दिसत असावा, कारण त्यांनी बशीत चहा ओतला आणि माझ्याकडे बघत प्यायला.

उठताना त्यांनी हात बाकावर टेकला आणि चेहरा आवळला. मी विचारलं, गुडघा केव्हापासून दुखतोय, आणि त्यांनी ते सविस्तर सांगितलं.